सतरावा आकडा

फेब्रुवारीतच मी भरतीचं वेळापत्रक मागवलं.
बाकीच्या शाळांच्या सहली सुट्ट्या बघून ठरतात,
आमची चंद्र बघून.
इथे उत्तर समुद्राच्या काठी
दिवसातून दोनदा पाणी निघून जातं
आणि मागे सगळा तळ उघडा,
अंथरूण न आवरता शाळेला पळालेल्या पोरासारखा.

जूनचा दुसरा बुधवार.
नऊ दहाला बांधावरून खाली.
साडेदहाला शिंपल्यांचा पट्टा.
पावणेबाराला परत फिरणे, काहीही होवो.
'काहीही होवो'खाली मी लाल रेघ मारली,
आणि मुख्याध्यापिका फ्राऊकेबाईंनी
रेघेखाली विचारलं,
म्हणजे नेमकं काय काय?

संमतीपत्रं आली. बावीस.
तेविसावं यानेकचं, त्याचे वडील कोळंबीच्या होडीवर.
सहीच्या जागी त्यांनी लिहिलेलं :
"वारा कुठून आहे, ते ओक्कोला विचारा."
मी फोन करून रीतसर सही मागितली.
मिळाली.
वारा विचारायचा राहिला.

ओक्को आमचा वाटाड्या.
माझ्या यादीतला 'गमबूट' त्याने खोडला,
वर लिहिलं : जुने कापडी बूट, नाडी घट्ट.
गमबूट चिखलाला आवडतात.
तरी नऊ पोरं गमबुटातच आली.
पहिल्या शंभर पावलांत टोमकेचा डावा गेला,
आणि तो एका पायावर उभा राहून
इतका हसला, की मला रागवता येईना.

शिंपल्यांचा पट्टा आला, अकराला.
वाळूतल्या गांडुळांनी जागोजाग
शेवया पाडून ठेवल्या होत्या.
मी तक्ते वाटले. मुलांनी नावं लिहिली,
पेन्सिली ओल्या झाल्या.
ओक्को तक्त्याकडे बघत नव्हता. मागे बघत होता.
म्हणाला, "बाई, भरती समोरून येते
असं शहरातल्यांना वाटतं.
ती आधी पाठीमागचे ओहळ भरते."

मग धुकं.
यादीत धुकं नव्हतं असं नाही,
'हवामान' असा शब्द होता,
आणि त्याच्यापुढे बरोबरची खूण, माझीच.
बांध गेला. चर्चचा मनोरा गेला.
मग ओक्कोची काठी गेली, फक्त आवाज उरला :
"दोरी धरा. आकडे म्हणा."

एक. दोन. तीन, हा यानेक, वडिलांसारखा खर्जात.
नऊ. दहा.
सोळा.

सोळा, असं पुन्हा कुणीतरी म्हणालं,
जणू सतराला वाट करून देत होतं.

मी श्वास धरला. सगळ्यांनीच धरला.
बावीस पोरं कधी इतकी गप्प बसली नव्हती,
बारा वर्षांत एकदाही नाही, माझ्या कुठल्याच तासाला नाही.

आणि त्या गप्पपणात
पायांखालून काहीतरी ऐकू यायला लागलं.
तडतड. बारीक, अखंड.
मोहरी फोडणीत पडावी, पण फार दूर, भिंतीपलीकडे.
सगळा चिखल बोलत होता.

"सतरा," दोन हातांवरून आवाज आला,
खालून, जमिनीलगत.
वीबके. गुडघ्यांवर. एक कान चिखलाला लावलेला,
अर्धा गाल काळा.
"बाई, मला ऐकू येत नव्हतं,
तुम्ही सगळे आकडे म्हणत होता ना."

ओक्कोने तिला बखोटीला धरून उभं केलं,
दोरी हातात दिली, आणि मगच सांगितलं :
चिखलातले किडे. तांदळाएवढे.
बिळातून बाहेर येऊन मिशा ताणतात,
तेव्हा पाण्याचा पापुद्रा फुटतो.
मी हे वाचलं होतं. शिकवलंही होतं,
पान चाळीस, चौकटीत.

होकायंत्रावर परतलो. शेवटचा ओहळ मांडीपर्यंत.
बांधावर चढल्यावर पुन्हा मोजले : तेवीस.
बूट पंचेचाळीस.

पुढच्या वर्षीचा कागद आत्ता समोर आहे.
वारा : ओक्कोला विचारणे, पहिल्या ओळीत.
गमबूट : नाही, तीन उद्गारचिन्हांसह.
आणि साडेदहा ते पावणेबारा यांच्यामध्ये
मी एक ओळ लिहिली आहे, 'गप्प बसणे',
तिच्यापुढे किती मिनिटं ते सुचत नाही.
फ्राऊकेबाई विचारणारच.